दुधाआधी हुंगलेले हात

बाई, तुम्ही आम्हाला अमेरिकेबद्दल जे सांगितलं होतं ते खरं नव्हतं. हे कळायला मला साठ वर्षं लागली, आणि आता सांगायला तुम्ही नाही. तुम्ही गेल्याचं मला पनवेलच्या बाजारात कळलं होतं. मुलगा कडेवर होता, हातात भाजीची पिशवी होती, आणि तुमच्या आळीतली एक बाई सहज बोलून गेली, "त्या शाळेच्या बाई ना? त्या गेल्या की दिवाळीच्या आधी." मी तिथेच उभी राहिले, रडले नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर त्याने विचारलं, "कोण, दूधवाल्या बाई?" आमच्या गावांत तुमची ओळख तीच होती. तुम्हाला हे कधी कुणी सांगितलं नसेल.

शाळा म्हणजे देवळामागच्या दोन खोल्या. एकीत पहिली ते चौथी, दुसरीत वरचे वर्ग आणि कोपऱ्यात दुधाच्या भुकटीची पोती. त्या पोत्यांवर एकमेकांत धरलेल्या दोन हातांचं चित्र होतं आणि खाली इंग्रजी अक्षरं. तुम्ही सांगितलंत, हे दूध अमेरिकेतल्या मुलांनी तुमच्यासाठी पाठवलं आहे. मग तुम्ही भिंतीवर एक रंगीत चित्र चिकटवलंत. लांबच लांब टेबल, दोन्ही बाजूंना मुलं-मुली, समोर ताटल्या, सगळी हसतायत. "बघा," तुम्ही छडीने दाखवता, "तिथे सावकाराचा मुलगा आणि हमालाचा मुलगा एका बाकावर शिकतात, एका टेबलावर जेवतात. म्हणून तो देश पुढे गेला." मी पहिल्या रांगेत बसून ऐकते आहे. टेबलावर बसून जेवायचं असतं हेच मला नवीन आहे.

दुपारची सुट्टी झाली की आम्ही मात्र बाहेर चिंचेखाली बसून खायचो. आमच्या फडक्यात तांदळाची भाकरी आणि सुकट नाहीतर बोंबील असायचा. आगऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या पोरांकडे दुसरं काय असणार? तुम्ही आत खोलीत दार लोटून डबा खायचात. जेवण झाल्यावर आम्ही चिंचेचा पाला हाताला चोळायचो, रांजणातलं पाणी घ्यायचो आणि रांगेत उभं राहायचो. "हात पुढे." तुम्ही पदर नाकाशी धरून वाकता, मग पदर जरासा बाजूला करून प्रत्येकाचे तळवे हुंगता. वास नसेल त्याच्या पेल्यात दूध. वास असेल तर, "जा, पुन्हा धू." मी आधी पाला, मग राख, मग पुन्हा पाला असं करायचे आणि पहिल्या खेपेला पास व्हायचे. कोळीवाड्यातली एक मुलगी होती, तिची आई मासळी सुकवायची आणि ही सकाळी शाळेत यायच्या आधी आईला मदत करायची. तिचे हात कधीच पास झाले नाहीत. तिचा नंबर लागेपर्यंत पातेल्याच्या तळाशी गुठळ्या उरायच्या. ती तक्रार करायची नाही, गुठळ्या बोटाने काढून खायची. पुढे ती यायची बंद झाली. तुम्ही बरेच दिवस हजेरीत तिचं नाव घेत होतात.

एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, "बाई, ती चित्रातली मुलं सगळी एकत्र बसतात, मग आपण का नाही?" तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणालात, "त्यांच्या डब्याला वास येत नाही." वर्ग हसला, मीही हसले. उत्तर मला पटलं होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी आईला म्हणाले की उद्यापासून डब्यात सुकट नको. आईने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मंग काय देऊ, तुझ्या बायचं डोकं?"

आईला तुम्ही आवडत नव्हतात. तरी तुम्ही आमच्या घरी आलात त्या दिवशी तिने सकाळपासून चूल सारवली. बाप मला चौथीनंतर मिठागरावर न्यायला निघाला होता आणि तुम्ही भरतीच्या चिखलातून, चपला हातात धरून, आमच्या दारात उभ्या होतात. माझा बाप खाली मान घालून बसला होता. तुम्ही त्याला म्हणालात, "हिला सातवीपर्यंत ठेवा. हिचं डोकं मिठात घालू नका." एवढ्या मोठ्या माणसाशी असं बोलणारी बाई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आईने कप राखेने घासून, लिंबू चोळून, त्यात चहा आणला. तुम्ही हात जोडलेत. "आज उपास आहे हो." तुम्ही त्यानंतर दोनदा आलात आणि दोन्ही वेळा उपास होता. तुमची पाठ वळल्यावर आई म्हणाली, "हिचा देव लय भुकेला हाय. आपल्या दारात आला का त्याला उपास." बाप हसला, पण त्याने मला सातवीपर्यंत ठेवलं. हे मी विसरलेले नाही, बाई. सातवी झाल्यावर तुम्ही मला कागदात गुंडाळून चंदनाचा साबण दिलात. माझ्या आयुष्यातली ती पहिली भेटवस्तू. मी तो वापरला नाही. लग्नाच्या पेटीत नेला. साड्यांत ठेवला. माझ्या पहिल्या बाळाच्या टोपड्यांना त्याचा वास यायचा. तेव्हा मला वाटायचं, बाईंनी मला केवढं जपलं.

आज तो साबण आठवला की मला शिसारी येते. असं लिहायला मन धजत नव्हतं, पण आता लिहिलं.

नवरा माझा शेजारच्या गावचा. तोही दुधाच्याच काळातला, पण तिसरीत शाळा सुटली. सांगायचा, "मी दूध प्यायला जायचो. शिकवायची हौस मास्तरांची." तळोज्याच्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि येताना रद्दीच्या दुकानातून माझ्यासाठी पुस्तकं आणायचा. स्वतःला वाचता येत नसल्याने तो जाडी बघून पुस्तक निवडायचा. त्यामुळे मी शेतीच्या खतांवरचं वाचलं, रेडिओ दुरुस्तीचं वाचलं, इंग्रजी शिकायचं वाचलं, त्या इंग्रजीवर शब्दकोश घेऊन पुढचं वाचलं. संध्याकाळी तो ओट्याशी बसून जवळा निवडायचा आणि मी मोठ्याने वाचायचे. मध्येच म्हणायचा, "थांब, ह्या लेखकाला घाई आहे, तू नको करू." तो जाऊन आता काही वर्षं झाली. अजून मी वाचताना एखाद्या ओळीवर थांबते आणि ओट्याकडे बघते. दुःख म्हणजे काही वादळ नाही. घरातल्या एखाद्या खुर्चीसारखं आहे, रोज तिला वळसा घालून जायचं.

अमेरिकेच्या शाळांचं पुस्तकही त्यानेच आणलेलं. कव्हर गेलेलं, कुठल्यातरी शिक्षिका होऊ पाहणाऱ्या मुलीने पेन्सिलने खुणा केलेलं. ते माळ्यावर पडून होतं. नातीच्या शाळेमुळे मी ते खाली काढलं. आम्ही आता कामोठ्याला राहतो. सरकारने जमिनी घेतल्या, त्या बदल्यात प्लॉट मिळाला, मुलाने त्यावर बिल्डिंग बांधली. खाली दुकानं, वर भाडेकरू, सगळ्यात वर आम्ही. नातीला ज्या शाळेत घातलं तिथल्या माणसाने आम्हाला सोफ्यावर बसवून सांगितलं की इथे अमेरिकन पद्धत आहे. मी विचारलं, "म्हणजे काय?" तो म्हणाला, "आजी, म्हणजे ओपन थिंकिंग." सूनबाईंनी माझ्या हाताला चिमटा काढला. मी घरी आले आणि माळ्यावरून पुस्तक काढलं. म्हटलं, बाईंचं चित्र आता नीट बघू.

सुरुवात तुम्ही सांगितलीत तशीच आहे. तिकडच्या उत्तरेतल्या राज्यांत काही माणसांनी हट्ट धरला की शाळा सगळ्यांच्या कराच्या पैशांतून चालवायची, फी नाही, श्रीमंताचं आणि गरिबाचं पोर एकाच वर्गात. मोठा विचार होता. वाचताना मला तुमची छडी चित्रावर दिसत होती. पण बाई, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला तेव्हा काळी माणसं गुलाम होती आणि बऱ्याच ठिकाणी त्यांना वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. वाचणं हा गुन्हा! पुढे गुलामी गेली तेव्हा म्हातारी माणसं नातवंडांच्या शेजारी बसून अक्षरं गिरवायला लागली. ते पान मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ओट्याकडे बघितलं.

मग पुढचं वळण आलं आणि माझं जेवण राहिलं. तिथल्या मूळच्या लोकांची, ज्यांच्या जमिनी आधीच गेल्या होत्या, त्यांची पोरं घरातून उचलून लांबच्या शाळांत नेली. राहायला तिथेच. आल्या आल्या केस कापायचे. त्यांच्यात केस कापणं म्हणजे घरात कुणी मेलं असा अर्थ होता, आणि ही पोरं तर जिवंत आईबापांपासून आलेली. अंगावरचे कपडे काढून दुसरे घालायचे, नाव बदलायचं, स्वतःची भाषा तोंडातून आली की शिक्षा. कुठे कुठे त्या तोंडात साबण घालायचे. काही पोरं तिथेच मेली आणि शाळेच्या आवारातच पुरली. आणि फोटो काढायचे, आधीचा आणि नंतरचा. बघा, किती स्वच्छ झालं आमचं लेकरू! ज्यांनी हे केलं ते राक्षस नव्हते. ती शिकलेली, देवाला भिणारी माणसं होती, आणि त्यांना मनापासून वाटत होतं की आपण ह्या पोरांचं भलं करतोय. हेच मला पचलं नाही. दुष्ट माणसाचा राग येतो. पण भलं करणाऱ्या माणसाने हात हुंगला की राग येत नाही, आपण आपलाच हात धूत बसतो.

नंतर काळ्यांच्या शाळा वेगळ्या, गोऱ्यांच्या वेगळ्या. कागदावर सारख्या. एकीला इमारत, दुसरीला गळकं छप्पर आणि दुसऱ्यांनी वापरून टाकलेली पुस्तकं. मग मोठ्या कोर्टाने सांगितलं की हे चालणार नाही, एकत्र बसवा. मला वाटलं, आता चित्र येईल. तर एका जिल्ह्याने काय केलं, माहीत आहे? एकत्र बसवायला नको म्हणून सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं. काही वर्षं. गोऱ्यांनी आपल्या मुलांसाठी खासगी शाळा काढल्या आणि काळी पोरं घरी बसली, शेतावर गेली, आणि मोठी झाली. ती कुलपं उघडली त्या सुमाराला मी तुमच्या पहिल्या रांगेत होते. तुम्ही म्हणत होतात, एका बाकावर शिकतात, एका टेबलावर जेवतात. मी डोळे मिटून ते चित्र पुन्हा आठवून बघितलं, बाई. त्या टेबलावर एकही काळं पोर नव्हतं.

तुम्हाला हे माहीत नव्हतं, हे मी मानते. चित्र तुम्हाला दुधाबरोबर मिळालं होतं. पण चिंचेखालचं तर तुम्हाला खिडकीतून दिसत होतं.

आता नातीचं सांगते. कायद्यामुळे त्या शाळेला काही जागा गरिबांच्या मुलांना फुकट द्याव्या लागतात. अशी एक मुलगी नातीच्या बाकावर आहे, म्हणजे होती. तिची आई कोळीण. पहाटे दिवाळे गावच्या बंदरावर जाऊन मासळी घेते आणि आमच्या कोपऱ्यावर टोपली लावते. मी वर्षानुवर्षं तिच्याकडूनच घ्यायचे. दोघी पोरी डबा वाटून खायच्या. नात घरून पनीर न्यायची आणि तिची सुकट खाऊन यायची. मला सांगायची, "आजी, तिची सुकट आपल्यापेक्षा भारी असते." मी म्हणायचे, "तिच्या आईला सांगते, तुला दत्तक घे."

मग पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की वर्गात स्मेलचा इश्यू आहे. मुलगा माझा पालक समितीवर आहे. जेवताना तो आम्हाला मेसेज वाचून दाखवत होता. त्या दिवशी घरात सुकटच होती. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या तेव्हा बंद असतात आणि पंखा लावलेला असतो, कारण खालचे दोन भाडेकरू शाकाहारी आहेत आणि चांगलं भाडं देतात. स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या बिल्डिंगमध्ये, आम्ही चोरासारखी सुकट खातो.

"आई, हा जातीचा प्रश्न नाहीये," तो म्हणाला. "हायजीनचा आहे. बाकीच्या मुलांना त्रास होतो."

"आधी बोटं चाटून घे," मी म्हटलं, "मग बोल."

सूनबाई हसल्या. तो नाही हसला. म्हणाला, "तू ना, प्रत्येक गोष्टीत आपलं काहीतरी काढतेस. शाळा त्या मुलांसाठी वेगळी रूम करतेय. तिथेच त्यांना गरम खिचडी देणार. त्यांच्याच सोयीचं आहे."

त्यांच्याच सोयीचं. मला त्या ताटावरून उठावंसं वाटलं. इतकी पानं वाचून झाल्यावर मला तो आवाज ओळखू येतो. पोरांचे केस कापताना तोच होता, वेगळ्या शाळा बांधताना तोच होता. मी त्याला विचारलं, "तुझी मुलगी तिकडे जाऊन बसली तर?" तो म्हणाला, "ती कशाला बसेल?" एवढंच. त्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही.

शाळेत मीटिंग होती. मी म्हटलं, मी येणार. कोपऱ्यावर कोळणीलाही सांगून गेले, "मी बोलते. तुझी पोरगी आहे तिथेच बसेल." ती पापलेटावर पाणी मारत होती. म्हणाली, "काकी, तुमी बोला. मना त्या शालंतलं बोलनं समजत नाय." मीटिंगचा हॉल थंडगार, खुर्च्यांना गाद्या. मुख्याध्यापिका तरुण, फार गोड बोलणाऱ्या. त्यांनी पडद्यावर त्या नव्या खोलीचं चित्र दाखवलं. भिंतीवर फुगे, ढग, इंद्रधनुष्य. नाव ठेवलं होतं हॅपी टिफिन झोन. पालकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. मुलाने माझ्या साडीचा पदर खाली ओढला. मी तो सोडवून घेतला. म्हटलं, "मॅडम, ह्या खोलीत कोण बसणार?"

"आजी, ज्या मुलांना डाएटचा थोडा इश्यू आहे..."

"डाएट कुणाचं नाही? काल आमच्या घरी सुकट होती. तुमच्या समितीतल्या माझ्या मुलाने दोनदा मागून घेतली. हुंगायचेच असतील तर आधी ह्याचे हात हुंगा."

सगळा हॉल हसला. मी थांबले, वाटलं, हसून झालं की ऐकतील. मी त्या जिल्ह्याचं सांगितलं, कुलपांचं सांगितलं, वेगळं म्हणजे कधीच सारखं नसतं हे सांगितलं. मागून एक पालक म्हणाले, "आजी, तिकडे आता सगळं चेंज झालंय हो. माझा भाऊ न्यू जर्सीला असतो."

"तिकडचं बदललं असेल, बाबा. मी तुला इकडचं विचारतेय."

पुन्हा हसले. टाळ्याही वाजवल्या. मुख्याध्यापिका स्वतः जवळ आल्या, माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "किती क्यूट बोलता हो तुम्ही! ग्रँडपेरेंट्स डेला नक्की या." आणि मग समितीने ती खोली एकमताने मंजूर केली. बाई, माझ्यावर कुणी ओरडलं असतं तर मी पुढे लढले असते. त्यांनी माझं कौतुक केलं. कौतुक करून माणसाला गप्प बसवता येतं, हे त्या पुस्तकात कुठे नव्हतं. मला स्वतःच्या तोंडाची किळस आली, की ज्याने मी त्यांची करमणूक केली.

कुणीतरी मोबाईलवर माझं बोलणं टिपलं होतं. ते ग्रुपवर गेलं, हसऱ्या तोंडांच्या चित्रांसकट. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, अख्ख्या कामोठ्यात फिरतोय व्हिडिओ. भाडेकरू विचारतायत, तुमच्याकडे वर नॉनव्हेज बनतं का." मी म्हटलं, "सांग की, बनतं." तो म्हणाला, "तुला काय, तू बोलून मोकळी." ह्यात मात्र तो बरोबर होता. मी बोलून मोकळी झाले होते. मोकळं कोण झालं नव्हतं, ते मला पुढच्या आठवड्यात कळलं.

आईबापांच्या फोनवर तो व्हिडिओ पोरांनी पाहिला. पोरांना त्यातलं एकच समजलं. सुकट. त्या दिवसापासून नातीच्या मैत्रिणीला वर्ग सुकट म्हणून हाक मारायला लागला. इंद्रधनुष्याच्या खोलीत जाताना सुकट, येताना सुकट. तिने डबा खाणं सोडलं, मग खिचडी सोडली. एक दिवस मी कोपऱ्यावर गेले तर ती पोरगी आईच्या टोपलीशी बसली होती, गणवेशाशिवाय.

"काढली," आई म्हणाली. "शालंतून भरलेला डबा परत आनते. उपाशी शिकून काय करल? गावातल्या सरकारी शालंत घातली. तितं समद्यांचा वास सारखाच हाय."

मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

"तुमचा काय दोष, काकी? तुमी चांगल्यासाठीच बोललाव." आणि तिने माझ्यासाठी बोंबील निवडायला घेतले. चांगल्यासाठीच. तो शब्द तिच्या तोंडून ऐकला आणि मला कळेना की आता मी कुणाच्या रांगेत उभी आहे. पोरगी माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या हातात कोलंबी होती, ती सोलत होती, आईपेक्षा भरभर.

घरी नातीला विचारलं, "तू पण म्हणायचीस का गं तिला तसं?" ती विचार करून म्हणाली, "मी नाही म्हणायचे, आजी. बाकीचे म्हणायचे तेव्हा फक्त हसायचे." आता तिच्या बाकावर दुसरी मुलगी आहे, चॉकलेटची पोळी आणते म्हणे. नातीचं बरं चाललं आहे. तिला सगळ्या विषयांत चांगले मार्क आहेत.

बाई, मी तुम्हाला दोष द्यायला हे लिहायला घेतलं होतं आणि दिलाही. तो मी मागे घेत नाही. तुम्ही चिखलातून आलात म्हणून मला वाचता येतं, आणि वाचता येतं म्हणून मला तुमच्याबद्दल हे कळलं. दोन्ही एकाच बाईने केलं, तिला मी कापून वेगळं करू शकत नाही. तिकडच्या पुस्तकात प्रत्येक वळणानंतर पुढचा धडा असतो, चुका सुधारतात, कायदे येतात, पोरं मोठी होऊन साक्ष देतात. आमच्याकडे पुढचा धडा इतकाच आहे की ती पोरगी सरकारी शाळेत जाते आणि मी वर गच्चीवर बसून हे लिहिते. तुम्ही जिवंत असतात तरी मी हे पोस्टात टाकलं नसतं. तुमच्या घरी आले असते, पाया पडले असते, नातीचे मार्क सांगितले असते.

आणि एक सांगायचं राहिलं. कोपऱ्यावरच्या कोळणीकडून मी आता मासळी घेत नाही. ती काही म्हणेल म्हणून नाही, ती काही म्हणत नाही म्हणून. मी लांबच्या रस्त्याने खांदेश्वर स्टेशनकडे जाते आणि तिथल्या बाईकडून घेते. तिची मासळी शिळी असते. मी निमूटपणे आणते आणि घरात कुणी विचारलं तर ताजी आहे म्हणते.